स्लीपरच्या ढिगाखालची बाळंतीण

अन्याय झाला तो एका बाळंतिणीवर. गेल्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी चहाच्या वेळेला, झाशीतल्या आमच्या रेल्वे कॉलनीच्या मागे, मराठी मंडळाच्या हॉलला लागून जुन्या लाकडी स्लीपरचा ढीग आहे त्या ढिगापाशी. तिला बांबूने ढोसलं गेलं, तिच्यावर मांजर खाल्ल्याचा आरोप ठेवला गेला, आणि पोत्यात भरून तिला हद्दपार करायचा ठराव चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनी उभ्याउभ्या संमत केला. ती काही बोलली नाही. बोलणार कशी? ती अजगर होती.

हसायचं असेल तर हसून घ्या. माझे कान आजही लिहिताना तापतात.

पत्रकं लिहिणं हा माझा उद्योग. लक्ष्मी ताल या तळ्यात निर्माल्य टाकू नका, कॉलनीतला पिंपळ तोडू नका, असली पत्रकं मी कॉलेजपासून लिहिते, छापते आणि उन्हातान्हात वाटते. आई म्हणते, हिला भाजी आणायला पाठवलं तरी भाजीवाल्याकडे जाहीर निषेध नोंदवून येईल. तर असं माझं वळण. पण त्या सकाळी मी पोचले तेव्हा ठराव होऊन गेला होता.

झालं होतं असं. पाडव्याला हॉलवर गुढी उभी राहते. तिचा बांबू वर्षभर त्या स्लीपरच्या ढिगाच्या फटीत आडवा सरकवून ठेवलेला असतो. रुळाखाली सिमेंटचे स्लीपर आले तेव्हा काढून टाकलेली ही लाकडं, काळ्या तेलात मुरलेली, माझ्या जन्माआधीपासून तिथे पडून आहेत. मंडळाचे खजिनदार म्हणजे आमचे गार्डकाका. भुसावळहून बदली होऊन आले, मालगाड्यांवर जन्म काढला, इथेच रिटायर झाले. त्यांनी सकाळी बांबू नेहमीसारखा फटीत सरकवला तर तो मध्येच कशाला तरी मऊ लागून अडला. जुना टायर असेल म्हणून त्यांनी अजून दोनदा जोर लावून ढोसलं. टायर फुसकारला.

मी आले तेव्हा कॉलनी अर्धवर्तुळात उभी होती. दोघंतिघं आळीपाळीने बांबू आत घालत होते. "बाहेर निघ, बाहेर निघ," असं एक जण तिला मराठीत सांगत होता आणि दुसरा हिंदीत. ती निघत नव्हती. दरवेळी बांबू लागला की वेटोळं जरा आवळायचं, बस.

"खाऊन सुस्त पडलंय," गार्डकाका म्हणाले. "माझी मनी चार-पाच दिवस दिसत नाहीये. आता कळलं कुठे गेली."

मी पालथी पडून फटीतून बघितलं. मोबाइलचा उजेड टाकला. तपकिरी-पिवळी नक्षी, एकावर एक वेटोळी, मधोमध वर टेकवलेलं डोकं. वेटोळ्यांच्या मध्ये एका जागी पांढरं काहीतरी चमकलं. मी उजेड तिथेच धरून बघत राहिले.

"अंडी," मी म्हटलं. "काका, अंडी आहेत. ती उबवतेय."

"साप कधी उबवतो का?" मागून कुणीतरी म्हणालं.

हाच तो मुद्दा. बहुतेक साप अंडी घालतात आणि निघून जातात. अजगराची मादी जात नाही. ती एकमेकांना चिकटलेल्या अंड्यांची रास करते, तिच्याभोवती स्वतःला गुंडाळून घेते आणि दोन महिने, कधी त्याहून थोडं जास्त, तशीच बसते. खात नाही. कधीतरी पाणी प्यायला, थोडं ऊन खायला उठते आणि पुन्हा येऊन बसते. म्हणूनच बांबू लागूनही ती निघत नव्हती. सुस्त अजगराला त्रास दिला तर तो खाल्लेलं ओकून टाकतो, पोट हलकं करतो आणि पळतो. हिला पळायचं नव्हतं. हे मला पुस्तकांतून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या नाकापासून दोन हातांवर ते बसलेलं असणं वेगळं.

अजगरांचं वेड मला बरुआसागरला लागलं. लहानपणी बाबा तिथे बसने फिरायला न्यायचे. एका थंडीत तळ्याच्या काठावर दगडांवर एक अजगर ऊन खात पडला होता. बाबा म्हणाले, "बघ, कुंभकर्ण." मी म्हटलं, याला पाय का नाहीत? बाबांना उत्तर आलं नाही. खूप वर्षांनी ते मला सापडलं: आहेत. शेपटीच्या सुरुवातीला, दोन्ही बाजूंना, नखाएवढे दोन काटे असतात. मागच्या पायांचं उरलंसुरलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी याचे पूर्वज चालत होते याची खूण अंगावर घेऊन हा प्राणी आपल्या नाल्यांतून फिरतो, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. मी हे बाबांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "रेल्वेत असता तर पेन्शनसाठी दाखवले असते."

तर, पोतं घेऊन एक साप पकडणारा भैया आला. त्याला आधीच फोन गेला होता. सोबत मोबाइल धरायला मित्र होता.

"पाँच मिनट का काम है, दीदी. हटिए."

"कहाँ छोड़ोगे?"

"समथर की तरफ़. जंगल में."

"और अंडे?"

"अंडे का क्या है. धूप में पड़े-पड़े निकल आएँगे."

"नहीं निकलेंगे भैया. चूल्हा उठा ले जाओगे तो रोटी अपने आप सिकेगी?"

गर्दीतून दोघं हसले. भैया हसला नाही. मग मी माझं पत्रकी हत्यार काढलं: अजगराला कायद्याने वाघाच्या रांगेत बसवलंय, वन खात्याला न कळवता हात लावाल तर हा तुमचा व्हिडिओच तुमच्या विरुद्ध साक्ष देईल. मित्राने मोबाइल खिशात घातला. वन खात्याला फोन मीच लावला.

दुपारी वन खात्याच्या एक बाई आल्या. वाकून बघितलं, अंडी असल्याची खात्री केली आणि म्हणाल्या, "देखिए, सबसे अच्छा यही है कि इसे यहीं रहने दें. जाली हम लगवा देंगे. लेकिन बस्ती के बीच का मामला है. आप लोग लिखकर शिकायत देंगे तो हमें उठाना पड़ेगा." म्हणजे तिची अंडी आता आमच्या मंडळाच्या हातात होती. संध्याकाळी हॉलमध्ये सभा ठरली.

सभेत मी सगळं ओतलं. आठवलं की मला आजही स्फुरण चढतं. मी सांगितलं, अजगराला विष नसतं. त्याच्या ओठांवर बारीक खळगे असतात आणि त्यांनी त्याला ऊब दिसते. अंधारात उंदराच्या अंगाची गरमी त्याला आपल्याला दिवा दिसावा तशी कळते. तो भक्ष्याची हाडं मोडत नाही. विळखा असा आवळतो की रक्त फिरायचं थांबतं. त्याचा खालचा जबडा हनुवटीपाशी जोडलेला नसतो, दोन्ही बाजू वेगवेगळ्या सरकतात, म्हणून तोंडाहून मोठी वस्तू आत जाते. आणि मोठं जेवण झालं की त्याची आतडी वाढतात, काळीजसुद्धा काही दिवस मोठं होतं, आणि पचलं की पुन्हा लहान. एरवी तो महिनोन् महिने उपाशी राहू शकतो. आपल्यातल्या कुणाला हे जमतं का?

"भाषण छान झालं," बबीन्याच्या वहिनी म्हणाल्या. त्यांचे यजमान बबीन्याच्या छावणीतले फौजी, सध्या सीमेवर. बाळाला घेऊन त्या कॉलनीत बहिणीकडे राहत होत्या. "पण माझं लेकरू रांगायला लागलंय. त्याला काही झालं तर तू काय करशील? पत्रक काढशील?"

मला राग आला आणि तो गिळावा लागला, कारण प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "वहिनी, ती मोठी आहे, तिच्याजवळ कुणाचंच बाळ जायला नको. जाळी दोन पदरी लावू. पण ती अंडी सोडून कुणाच्या मागे येणार नाही. आज सकाळी एवढं ढोसलंत, आली का?"

"आणि माझी मनी?" गार्डकाका.

"काका, अंड्यांवर बसलेली मादी खात नाही."

"उपास?"

"हो."

"कसला? कुणी सांगितला?"

तेव्हा मागच्या खुर्चीवरून आजी बोलल्या. आजी कुणा एकाच्या नाहीत, सगळ्या कॉलनीच्या. त्यांचं घर चार पिढ्या झाशीत. आमच्याहून जुनी मराठी बोलतात, वाटाण्याला मटर म्हणतात आणि फडताळाला फडताळच. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "अंडी घातली म्हणजे सुटका झाली. आता बसलीय ती बाळंतीणच की. बाळंतिणीला घराबाहेर काढायची रीत आपल्यात कधीपासून आली?"

माझ्या अख्ख्या भाषणाने जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. वहिनींनी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "जाळी मात्र उद्याच लागली पाहिजे." तक्रार लिहिली गेली नाही.

मी लगेच पत्रक काढलं. मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत: इथे बाळंतीण आहे, आवाज करू नका, बांबू घालू नका. शब्द आजींचा, छपाई माझी. आठवडाभर माझ्यासारखं सुखी कुणी नव्हतं. सकाळी कामावर जाण्याआधी मी जाळीबाहेर उकिडवी बसायची. ढिगाखाली मुळात साळिंदराचं बीळ आहे. लहानपणी आम्ही तिथे काटे वेचायचो. अजगरांना असली आयती बिळं फार आवडतात, आणि कित्येकदा साळिंदर आणि अजगर एकाच बिळात बिनबोभाट राहतात. आमच्या कॉलनीत दोन बिऱ्हाडांत एक नळ असला तरी महाभारत होतं.

मग गारा पडल्या. चैत्रात कधीकधी पडतात. आदल्या दिवशी पंखे आणि दुसऱ्या सकाळी लोक शाली काढून बसलेले. मी जाळीपाशी गेले आणि बघितलं तर ती थरथरत होती. सगळं अंग, ठेक्यात, उचकी लागल्यासारखं. थोडं थांबायचं, पुन्हा सुरू.

मी हात तोंडावर धरला. हे मला बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. साप थंड रक्ताचा, स्वतःची ऊब स्वतः बनवू शकत नाही, असं आपण शाळेत शिकतो. ही एक वेळ अशी असते की अजगराची मादी तो नियम मोडते. हवा गार झाली की ती स्नायू आखडून-सोडून थरथरते आणि त्या मेहनतीने अंग तापवते. पोटात अन्नाचा कण नाही, आणि आहे ती चरबी जाळून ती शेगडी पेटती ठेवते. ती आजारी नव्हती. ती कामावर होती.

मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: "ती थरथरतेय. या, लांबून बघा. असं पुन्हा दिसणार नाही." आणि ऑफिसला पळाले. एवढंच लिहिलं. बाकीचं संध्याकाळी सविस्तर लिहिणार होते.

दुसऱ्या सकाळी मला जाग आली ती वासाने. ओवा आणि बाळंतशेपा. आमच्या घरात धाकट्या भावाच्या वेळी हा वास होता, त्यानंतर कधीच नाही. स्वयंपाकघरात आई नव्हती. मी चपला न घालता धावले.

जाळीचं टोक वर उचललेलं होतं. ढिगाच्या तोंडाशी शेगडी, तिच्यात लालबुंद निखारे, वरून धुरी. आजी स्टुलावर बसून सुपाने वारा घालत होत्या. शेजारी आई आणि बबीन्याच्या वहिनी. सगळा धूर फटीतून आत जात होता.

"आई, काय करताय तुम्ही?"

"शेक देतोय," आई म्हणाली. "तूच लिहिलंस ना, थरथरतेय म्हणून. हुडहुडी भरलीय बिचारीला."

"बाळंतिणीला वारा लागला की असंच होतं," आजी म्हणाल्या. "तुझ्या आईलाही भरली होती. मीच शेकलं होतं."

काल-परवापर्यंत बाळाला गिळेल म्हणणाऱ्या वहिनी घरून ओवा घेऊन आल्या होत्या. मी कुणावर ओरडणार होते? आणि ती लाकडं कसली, तर वर्षानुवर्षं तेल प्यालेली. एक ठिणगी आत गेली असती तर ढीग, हॉल आणि आम्ही, सगळं गेलं असतं. मी ओढणी हाताला गुंडाळून शेगडी उचलली आणि नळाखाली उलटी केली. मागे वळले तेव्हा ढिगाच्या दुसऱ्या बाजूने ती निम्मी बाहेर आली होती. जीभ आतबाहेर, अंग तणावलेलं. बांबूने जे साधलं नव्हतं ते मायेने साधलं होतं. आत अंडी उघडी, आणि हवा गारठलेली.

"आता?" आईचा आवाज बारीक झाला.

"आता काही करायचं नाही. हॉलमध्ये चला. सगळ्यांनी."

"काहीच नाही?" आजींना हे पटेना. "निदान दुधाची वाटी..."

"आजी, ती दूध पीत नाही. कुठलाच साप पीत नाही. तिची शेगडी तीच आहे. आपण तिच्या खोलीत उभे आहोत म्हणून ती आत जात नाहीये."

आम्ही हॉलच्या खिडकीशी उभ्या राहिलो. धूर विरला. ती हलेना. वहिनींचं बाळ रडायला लागलं तर त्या त्याला घेऊन पार लांब, फाटकाबाहेर गेल्या. आजी माझं मनगट धरून होत्या, इतकं घट्ट की नंतर वळ उठला. मी मनात सगळी पत्रकं रद्द केली. मग तिचं डोकं वळलं. शरीर लाटेसारखं न वळवता, पोटाच्या खवल्यांवर सरळ रेषेत, सावकाश रूळ बदलणाऱ्या मालगाडीसारखी ती आत सरकली. शेपटीचं टोक दिसेनासं झालं.

"गेली," आजी म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मग माझ्याकडे वळून: "एवढं कळत होतं तर ग्रुपवर पूर्ण का नाही लिहिलंस?"



मनी परत आली वैशाखात. फौजी मेसच्या स्वयंपाकघरात जाऊन राहिली होती, अंगाने दुप्पट झाली होती. मी काकांना म्हटलं, "माफी मागा." ते म्हणाले, "कुणाची?" मी जाळीकडे बोट दाखवलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि कुणी नाही असं वाटल्यावर जाळीपाशी जाऊन खरोखरच हात जोडले. मी पाहिलं, हे त्यांना अजून माहीत नाही.

आणि जून उजाडला, झाशीचा, ज्यात दुपारी रस्त्यावर कावळाही नसतो. एका सकाळी पांढऱ्या रासेतून एक नाक बाहेर आलं होतं. पिल्लाला नाकाच्या टोकाशी एक तात्पुरता दात असतो, त्याने ते कातड्यासारखं मऊ कवच चिरतं आणि मग घाई करत नाही. डोकं बाहेर काढून तसंच बसतं, दिवस दिवस, जगाचा अंदाज घेत. ग्रुपवर या वेळी मी सगळं लिहिलं. कॉलनी आली, जाळीपुढे मी बांधलेल्या दोरीबाहेर उभी राहिली, कुणी ओरडलं नाही. वहिनींनी बाळाला उंच धरून दाखवलं. हातभर लांबीची, नक्षी आईसारखीच पण नुकतीच रंगवल्यासारखी लखलखीत पिल्लं एकेक करून साळिंदराच्या बिळात, गवतात, नाल्याकडे पांगली. काही हॉलच्या कोठीकडेही गेली, जिथे उंदरांनी मंडळाचे पडदे खाल्ले होते. आता खात नाहीत.

पिल्लांची आई आधीच निघून गेली होती. तीच तिची रीत. पिल्लांना ती वाढवत नाही, शिकवत नाही. मी तिला शेवटचं पाहिलं ते नाल्याच्या पाण्यावर, कातडीला सुरकुत्या, अर्धी राहिलेली, पाणी पीत. पीतच राहिली.

सगळी अंडी फुटली नाहीत. ढिगाच्या तोंडाकडची काही तशीच राहिली, पिवळी पडली, आत चेपली. शेगडीमुळे, गारांमुळे, की बांबूमुळे, हे मला सांगता येत नाही आणि सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आजींनी विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं. त्यांनी ती अंडी स्वतः पुरली.

बांबू आता हॉलच्या आत उभा असतो, भिंतीला टेकून.

आता तुमच्याकडे वळते, कारण हे मी तुमच्यासाठी लिहिलंय. तुमच्या गोठ्यामागे, पंपाच्या खोलीत, विटांच्या ढिगाखाली पुढच्या चैत्र-वैशाखात एक अजगर वेटोळं घालून बसलेला दिसेल आणि हुसकावूनही हलणार नाही. तो आळशी आहे असं म्हणू नका, त्याने काय खाल्लं याचा हिशेब लावू नका, पोतंवाल्याला बोलावू नका. लांबून बघा, खाली पांढरं काही आहे का. वन खात्याला फोन लावा आणि हे वाक्य शब्दशः म्हणा: ती अंड्यांवर बसली आहे, तिला उचलायचं नाही. पोरांना लांब ठेवा, जाळी लावा, आणि तिला कितीही हुडहुडी भरलेली दिसली तरी शेगडी घरी राहू द्या.

पण त्याआधी, सगळ्यात आधी, हातातला बांबू खाली ठेवा.